वाहेदला मेकअप पाहिजे

३ मार्च, सोमवार

डॉक्टर म्हणाले, विश्वेश्वरप्पा, वरचं प्रेशर एकशे सत्तर, खालचं एकशे दहा. रागावणं बंद करा. मी म्हणालो, गिऱ्हाईकं बंद करा, रागावणं आपोआप बंद होईल. ते हसले नाहीत. राग आला की बोलू नका, कागदावर लिहून काढा म्हणाले. साबण कंपनीच्या माणसानं जानेवारीत दिलेली डायरी कोरी पडली होती, तीच घेतली.

तर आजचे राग तीन. पहिला, कॉलेजच्या एका पोरीनं अर्धा तास हाताच्या मागच्या बाजूवर लिपस्टिकचे अकरा रंग ओढून पाहिले, बाराव्याचा फोटो काढला आणि ऑनलाईन मागवते म्हणून निघून गेली. दुसरा, बँकेत नवीन आलेला परगावचा साहेब. पाटीवर 'कटलरी' वाचून आत आला आणि चमचे मागायला लागला. मी म्हणालो, साहेब, आमच्या केजमध्ये कटलरी म्हणजे पावडर, टिकली, रिबीन, नेलपॉलिश, गंगावन. चमचे भांड्याच्या दुकानात. तर मला म्हणतो, शब्दाचा खरा अर्थ तो नाही. चौतीस वर्षं मी कटलरी विकतो आणि हा मला अर्थ सांगतो.

तिसरा राग वाहेद मनियार दुकानासमोरून गेला तेव्हाचा. त्याचं बांगड्यांचं दुकान आमच्यापासून मोजून नऊ दुकानं पुढे. आमचा तोंडी करार होता, बांगडी त्याची, बाकी कटलरी माझी. त्यानं कधी पावडरचा डबा ठेवला नाही, मी कधी काचेची एक बांगडी ठेवली नाही. नारायणगडाच्या जत्रेत दुकानंसुद्धा शेजारी शेजारी लावायचो, एकाच ताडपत्रीखाली. दोन वर्षांपूर्वी बिनसलं. मी दोन शब्द बोललो असेन. तेव्हापासून तो मान खाली घालून जातो आणि मी टिकल्यांची पाकिटं लावत बसतो.

५ मार्च, बुधवार

आजचा राग लिहायला पान पुरणार नाही.

दुपारी जेवताना फोन वाजला. वाहेदच्या अलिनाचा मेसेज. ही पोरगी लहानपणी आमच्या काउंटरवर बसून वाढली. मॅट्रिकला इंग्रजीत अठ्ठावन्न मार्क होते मला, त्या काळात. मी तिला सांगून ठेवलं होतं की बेटा, माझ्याशी इंग्रजीतच बोलायचं, दोघांचंही सुधारेल. ती पाय हलवत म्हणायची, अंकल, गिव्ह मी वन रिबन. आता पुण्याला कंपनीत आहे, दिवसभर अमेरिकेशी बोलते म्हणे. आजही मला लिहिते ते इंग्रजीतच.

मेसेज असा, जसाच्या तसा उतरवतो: 'अंकल, अब्बा वाँट्स टु मेक अप बिफोर ईद. प्लीज.'

म्हणजे वाहेदला ईदच्या आधी मेकअप पाहिजे. दोन वर्षं तोंड बंद, आणि आता रमजानचा सीझन आला तर माझाच माल माझ्याकडूनच, तोही पोरीच्या तोंडून. बांगडी सोडून मेकअपला हात घालणार. करार गेला चुलीत. मला इतका राग आला की भाकरी तशीच ठेवून उठलो.

६ मार्च, गुरुवार

बायको शिवकांता म्हणते, सूनबाईला दाखवा तो मेसेज, ती इंग्रजीच शिकवते. आमची सून स्वप्नाली पुढच्या खोलीत कॉलेजच्या पोरींची शिकवणी घेते. मुलगा केदारनाथ लातूरला नोकरीला, शनिवारी येतो, त्यामुळे घरात दिवसभर तिचंच इंग्रजी. पण वाँट्स म्हणजे पाहिजे, बिफोर ईद म्हणजे ईदच्या आधी आणि मेकअप म्हणजे मेकअप. चौतीस वर्षं जे विकलं त्याचा अर्थ सुनेला विचारू?

मी उत्तर टाकलं: 'विच मेकअप? ड्राय स्किन ऑर ऑयली? सेंड लिस्ट.'

तिचं आलं: 'हाहाहा अंकल, सेम ओल्ड यू. सो कॅन आय टेल हिम यस?'

यात हसण्यासारखं काय आहे? धंद्याचा प्रश्न विचारला. तरी लिहिलं, यस, बट नो एक्स्चेंज, नो रिटर्न. त्यावर तिनं लाल बदामांची रांग पाठवली. आजकालच्या पोरांना धंद्याची भाषाच कळत नाही.

शिवकांता गुरुवारच्या भजनाला गेली ती सहाला परतली. हातात नव्या हिरव्या बांगड्या. कुठं भरल्या विचारलं तर म्हणाली, आहेत की लई दिसाच्या. भजन मंडळात बायका बांगड्याही भरतात वाटतं.

८ मार्च, शनिवार

मोठा खोका भरला. म्हटलं, मागितलाय तर असा माल द्यावा की त्यानं बघत राहावं. मला कुणाची भीती नाही, नऊ दुकानं पुढे काय नव्वद मेकअपची दुकानं निघू देत.

लिपस्टिक बारा, पण ढोबळ लाल नाहीत, खतीजाभाभींच्या गिऱ्हाइकांना चालतील अशा. भाभी म्हणजे वाहेदची बायको, दुपारी दुकानावर त्याच बसतात. मेंदीचे कोन, तेही ताजे, जुने बाजूला काढले. पावडर. अत्तराच्या छोट्या बाटल्या. ईदला डोळ्यात घालायला लागतंच म्हणून काजळाच्या दोन डझन डब्या वर ठेवल्या, खोका उघडला की पहिल्या त्याच दिसाव्यात. बाटल्या फुटू नयेत म्हणून कागदाचे बोळे भरले. सगळ्यात सकाळ गेली. शिवकांता दोनदा डोकावून गेली आणि म्हणाली, रागात भरताय ना? मी म्हणालो, मग काय.

हातगाडीवाल्या राधाकिशनकडे दिला, तो उद्या सकाळी पोचवेल.

९ मार्च, रविवार

खोका परत आला.

राधाकिशन म्हणतो, वाहेदभाईनं उघडला, वरचं काजळ पाहिलं आणि झाकण लावलं. एक शब्द न्हाई बोलले. पाणी मागितलं तर रोजा असतानाही मला पाणी दिलं आणि खोका परत गाडीवर ठेवला.

म्हणजे नो रिटर्न स्वच्छ लिहूनही रिटर्न. वरून माझ्या मालाला नाक मुरडलं. राधाकिशनला त्या रागात मी काय काय बोललो ते लिहीत नाही. दुपारी डोकं दुखलं, गोळी घेतली.

१० मार्च, सोमवार

अलिनाचा मेसेज. 'व्हाय काजल, अंकल? अब्बा हॅड मेड अप हिज माइंड. ही डिडन्ट ईट ॲट इफ्तार.'

काजळ का म्हणजे? ईदला काजळ नाही तर काय विकतात? शेवटच्या वाक्यात इफ्तारला न जेवल्याचं आहे एवढं कळलं. ते ठीक नाही. दिवसभर उपाशी माणसानं संध्याकाळी जेवावं. पण मधलं वाक्य, मेड अप हिज माइंड, यात मेकअप मनाला लावलाय. मनाला पावडर कुणी लावतं का? मॅट्रिकला हे नव्हतं.

काजळाचं पुरतं लिहायला पाहिजे, नाहीतर पुढे वाचून मलाच कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी वाहेद बांगड्या आणायला हैदराबादला गेला तेव्हा त्यानं माझ्यासाठी काजळाचा एक खोका आणला. आठ दिवसांत पंडित गुरुजींच्या सुनेचे डोळे सुजले, आणखी दोघींचे सुजले. बाया दुकानात येऊन भांडल्या. मी तसाच उठून वाहेदच्या दुकानावर गेलो आणि भर बाजारात त्याला बोललो. माझं नाव खराब झालं होतं, मी बोलणारच. एवढीच गोष्ट.

१३ मार्च, गुरुवार, होळी

आज कळलं. न विचारता कळलं हे महत्त्वाचं.

पुढच्या खोलीत स्वप्नालीची शिकवणी चालू होती आणि मी अलीकडे दुकानात, त्याच भिंतीलगतच्या मांडणीवर रंगांची पाकिटं लावत होतो. ती पोरींना सांगत होती की मेक अप म्हणजे फक्त चेहऱ्याचा मेकअप नाही, ती एक क्रिया आहे. शी मेड अप अ स्टोरी. तिनं खोटी गोष्ट रचली. तेवढ्यात पुरणाचा वास आला, पोरी उठल्या, तास संपला. मला पुरेसं होतं.

रचणं. थापा मारणं. म्हणजे अब्बा वाँट्स टु मेक अप, वाहेदला ईदआधी थापा मारायच्या आहेत. मेड अप हिज माइंड, त्याचं मनच बनावट. पोरीनं बापाबद्दल इतकं खरं लिहावं याचं आश्चर्य वाटलं, पण इंग्रजीत माणूस खरं बोलून जातो.

लगेच उत्तर टाकलं: 'आय नेव्हर मेक अप. टेल युवर फादर. आय स्पीक ट्रुथ ओन्ली.'

मी थापा मारत नाही, हे एकदा त्याच्या कानावर गेलंच पाहिजे होतं. पोळ्या दोन खाल्ल्या.

१५ मार्च, शनिवार

अलिनाचं उत्तर दोन दिवसांनी. 'ओके अंकल. अंडरस्टूड. सॉरी टु डिस्टर्ब यू.'

बदाम नाही, हसणं नाही. लहानपणी रिबीन संपली म्हटलं की अशीच गप्प होऊन खाली उतरायची. मी खरं बोललो तर एवढं काय लागलं तिला?

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

शेजारच्या हॉटेलवाल्या बंकटनं चहा ठेवता ठेवता सांगितलं की वाहेदभाईनं दुकान सोडलं, ईद झाली की पुण्याला पोरीकडं चालले, कायमचे. मी विचारलं, कावून? बंकट म्हणाला, आप्पा, तुमालाच विचारता का, त्या दिसापासून त्याच्याकडं बाया यायच्या निम्म्या झाल्या.

मी त्याला चहा थंड असल्याचं सांगितलं. चहा गरम होता. नरडं भाजलं.

२० मार्च, गुरुवार

प्रेशर एकशे ऐंशी. डॉक्टर विचारतात, लिहिता ना? लिहितो म्हणालो. खरं खरं लिहिता ना? या डॉक्टरला दुसरे पेशंट नाहीत काय.

शिवकांता भजनाहून आली, डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, मंडळातली एक मैत्रीण गाव सोडून चालली. बायकांचं मन हळवं असतं.

२२ मार्च, शनिवार

खरं खरं लिहितो, वाचणारा मीच आहे.

बाजारात मी दोन शब्द बोललो नव्हतो. मी त्याच्या दुकानासमोर उभा राहिलो, चार बाया बांगड्या भरत होत्या, आणि मी काजळाची डबी त्याच्यासमोर आदळून मोठ्यानं म्हणालो, 'बायांनो, याच्या हातात हात देऊ नका.'

बांगडी भरणाऱ्याला असं बोललो. बाया त्याच्या हातात हात देतात तेव्हा त्याचं घर चालतं. सासुरवाशिणी, लेकुरवाळ्या, लग्नाच्या पोरी, सगळ्या केज तालुक्यानं त्याच्या हातात हात दिला, कुणाला कधी नख लागलं नाही. माझ्या शिवकांतानं दिला. त्यानं तेव्हा माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या बाईचा हात हळूच खाली ठेवला.

आणि दुसरी गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीला माळा साफ केला तर पत्र्याच्या पेटीमागे वाहेदनं आणलेला खोका निघाला. चिकटपट्टी तशीच, वर त्याच्या हातचं उर्दूतलं नाव तसंच. उघडलाच नव्हता. बायांचे डोळे सुजले ते एका फिरत्या एजंटाकडून घेतलेल्या काजळानं, त्याच आठवड्यात दारावर आला होता, स्वस्त देत होता. मी खोका परत पेटीमागे सरकवला. दोन दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला तो झाडतो आणि तिथंच ठेवतो.

लिहून झाल्यावर बरं वाटेल असं डॉक्टर म्हणाले होते. काही बरं वाटलं नाही.

२४ मार्च, सोमवार

सुनेपुढे फोन ठेवला. म्हणालो, सगळं वाच आणि मला सरळ मराठीत सांग, हसू नको.

तिनं वाचलं. ड्राय स्किनच्या जागी तिचे ओठ हलले, पण पुढे वाचत गेली तसं ते हसू मावळलं. मग म्हणाली, 'मामा, तुम्हाला एक विचारू? बोलणं आणि बोलून टाकणं यात फरक काय?'

मी म्हणालो, बोलून टाकलं म्हणजे मनातलं बाहेर काढलं, मोकळा झालो.

'आणि बोलून बसणं?'

ते म्हणजे नको ते तोंडातून गेलं, आणि आता पस्तावा.

'त्यात कोणी खाली बसलं का? टाकलं म्हणजे काही फेकलं का? आपलं बोल तेच, मागं चिमुकलं एक क्रियापद लागलं की सगळा अर्थ फिरतो. इंग्रजीत ते काम अप, डाऊन, ऑफ असले शब्द करतात. मेकला अप लागलं की त्यातला अप वर जात नाही, आणि मेकअपच्या डबीशी तर त्याचा संबंधच नाही.'

चौतीस वर्षांत इतकं सोपं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, मग अर्थ सांग. तिनं सांगितलं, एकेक मेसेज धरून. मेड अप हिज माइंड म्हणजे मनाशी पक्कं ठरवलं होतं. मेक अप फॉर असं आलं तर भरून काढणं, झालेलं नुकसान, बुडालेला दिवस. रचणं हाही अर्थ आहे, होळीला मी ऐकला तो. पण भांडलेल्या दोन माणसांच्या मधे आला की त्याचा अर्थ दिलजमाई. भांडण मिटवून टाकणं.

'वाहेदकाकांना ईदच्या आधी तुमच्याशी मिटवायचं होतं मामा. तुम्ही होकार कळवला, म्हणून ते वाट बघत होते. मग तुम्ही खोका पाठवला आणि वरती काजळ. त्यांना वाटलं, डिवचलं. त्यावर तुम्ही लिहिलं आय नेव्हर मेक अप. म्हणजे मी कधीच मिटवत नाही, बापाला सांग.'

मी विचारलं, हे सगळं त्या एवढ्याशा अपनं केलं?

ती म्हणाली, 'अपनं नाही केलं मामा.' आणि चहा ठेवायला आत गेली.

२५ मार्च, मंगळवार

अलिनाला लिहायला बसलो. सॉरी एवढा एकच शब्द येतो आणि तो रोज रस्त्यावर धक्का लागला की लोक फेकतात. खोडलं.

२७ मार्च, गुरुवार

आज वाहेदकडे जाणार होतो. गिऱ्हाईक होतं.

२८ मार्च, शुक्रवार

आज जाणार होतो. गिऱ्हाईक नव्हतं. तरी गेलो नाही. नऊ दुकानं म्हणजे किती लांब असतात हे चपला घालून दारात उभं राहिल्यावर कळतं.

शिवकांता म्हणाली, 'आवो, पाडव्याला मला बांगड्या भरायच्यात. मी वाहेदभाईकडं जाणार. तुमी काय म्हनायचं ते म्हना.' एवढं बोलून ती पिठाचा डबा घेऊन बसली. दोन वर्षांत तिनं त्याचं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. 

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली. विभूती लावली. माळ्यावर चढलो, पेटी सरकवली, खोका काढला. स्वप्नाली खाली शिडी धरून उभी होती.

खोका छातीशी धरून निघालो. पाडवा आज आणि ईद उद्या, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नाही. बंकटनं हाक मारली, मी थांबलो नाही. थांबलो असतो तर चहाच पीत बसलो असतो. वाहेदच्या दुकानासमोर दहाबारा बाया, हिंदूंच्याही, मुसलमानांच्याही. निम्म्या झाल्यावर एवढ्या, तर आधी किती असायच्या.

आणि सगळ्यात पुढे, पाटावर, आमची शिवकांता. तिचा हात वाहेदच्या हातात. तो तिचा अंगठा आत दुमडून हिरवी बांगडी वर चढवत होता. शेजारी खतीजाभाभी सुटी बांगडी मोजत होत्या. मला पाहून त्यांचे हात थांबले. वाहेदनं वर पाहिलं नाही. बांगडी ऐन हाडावर होती, तिथं नजर काढली तर काच फुटते. तो फक्त म्हणाला, 'हात ढिला सोडा भाभी.'

मी घरून चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यातलं एकही आठवलं नाही.

'काजळ याचं नव्हतं,' मी म्हणालो. आवाज माझा नेहमीचाच मोठा निघाला, बाया वळल्या. 'याचा खोका हा इथं हाय, उघडलेलाबी न्हाई. मला दोन दिवाळ्यांपासून ठाऊक हाय. मी नको ते बोलून बसलो आणि मग गप बसलो. बायांनो, द्या याच्या हातात हात.'

 रस्त्यावर एक जीप हॉर्न वाजवत होती. वाहेदनं बांगडी मनगटावर उतरवली, शिवकांताचा हात पुसला, मग खोक्यावरची त्याच्याच अक्षरातली पट्टी अंगठ्यानं चाचपली.

'मला ठाऊक होतं आप्पा,' तो म्हणाला. 'मी निळ्या डब्या आणलत्या. त्या दिशी तू माज्यासमोर आदळलीस ती काळी होती.'

'मग बोलला कावून न्हाईस बे?'

'तू बोलशील म्हून थांबलतो.'

 डोळ्यात आलं ते आलं, काजळ न लावता. त्यानं मागचं स्टूल पायानं पुढे ढकललं, जत्रेत मी ज्यावर बसायचो तेच, एक पाय आखूड असलेलं, आणि म्हणाला, 'येऊन बस.'

मी बसलो. संध्याकाळपर्यंत बसलो. त्यानं बांगड्या भरल्या, मी खोकी काढून दिली. मधे कधीतरी मी त्याला विचारलं की अलिनाकडून नेमका काय निरोप पाठवलास. तो म्हणाला, 'एवढंच म्हनलतो, आप्पाला म्हनावं येऊन बस. तिनं विंग्रजीत काय लिवलं ते तिलाच ठाव.'

म्हणजे मेकअपही नाही आणि मेक अपही नाही. येऊन बस. मॅट्रिकच्या अठ्ठावन्न मार्कांना आग लावावी.

निघताना खतीजाभाभी शिवकांताला म्हणाल्या, आता गुरुवारचं कसं हो भाभी, तुमच्याबिगर मला पुण्यात कसं करमंल. मी दोघींकडे पाहिलं. शिवकांता बांगड्यांकडे बघत होती. घरी येईपर्यंत भजनाचा विषय मी काढला नाही आणि तिनंही नाही.

३१ मार्च, सोमवार, ईद

शिरखुर्मा खाल्ला, तीन वाट्या. वाहेदनं दुकान सोडल्याचं विचारलं. नव्या माणसाला जागा देऊन झाली, उद्या-परवा निघायचं. मी म्हणालो, शब्द मागे घे, तो म्हणाला, दिलेला शब्द आहे. माझी वाट बघण्यात त्यानं दोन वर्षं घालवली आणि मी ती भरून काढायला एक दिवस घेऊन आलो. राग आला. या वेळी कुणावर ते नीट माहीत होतं.

२ एप्रिल, बुधवार

सकाळच्या गाडीनं गेले. स्टँडवर शिवकांता आणि खतीजाभाभी एकमेकींना धरून उभ्या होत्या. राधाकिशननं सामान वर चढवलं, मी त्याचीही त्या दिवसाबद्दल माफी मागितली. कशाबद्दल म्हणाला. त्याला आठवतही नव्हतं.

आखूड पायाचं स्टूल वाहेदनं मला देऊन टाकलं. खिडकीतून म्हणाला, 'गडाच्या जत्रेला येतो आप्पा. माजी जागा धरून ठेव.' मी म्हणालो, ताडपत्री मोठी आणतो. गाडी वळली तरी त्याचा हात बाहेर होता.

दुकानात येऊन बसलो. नवव्या दुकानाला कुलूप. पलीकडून बँकेचा साहेब येताना दिसला, चमच्याचं काही बोलला असता तर आज त्याची खैर नव्हती, पण त्यानं बायकोसाठी टिकल्या मागितल्या. त्याला चांगल्यातल्या काढून दिल्या.

दुपारी अलिनाचा मेसेज. 'सो अंकल, डिड यू टू फायनली मेक अप?' शेवटी बदाम.

पाचही अर्थ आता मला येतात. उत्तर इंग्रजीत लिहायला घेतलं, आणि पुसलं. मराठीत लिहिलं, 'हो बेटा, जाऊन बसलो.'

तिचं लगेच आलं: 'बसलो? सॅट व्हेअर, अंकल?'

आता तिनं अर्थ काढत बसावं.